हजारो वर्षांपूर्वी वारा कुठून वाहत होता हे कसं शोधायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

जुन्या तापमानावर वाचायला ढीगभर मिळतं, जुन्या पावसावरही मिळतं, पण वारा म्हटलं की सगळा पसारा. थोडं धुळीवरच्या पेपरात, थोडं समुद्री गाळात, थोडं मॉडेलवाल्यांकडे, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. शिवाय मुख्य अडचण अशी की वारा स्वतः मागे काही ठेवतच नाही. उरतं ते त्याने केलेलं काम, म्हणजे ढकललेली वाळू, उडवलेली धूळ, ढवळलेलं तळं, किनाऱ्यापासून लोटलेलं पाणी. त्यामुळे तुम्ही कधीच वारा मोजत नसता, त्याने केलेल्या एखाद्या कामावरून मागे मागे जात असता, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर दुसरं कोणीतरी तेच काम करून गेलेलं असू शकतं. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका होतच नाहीत. कॉलेजचा प्रोजेक्ट असेल, एमएस्सी-पीएचडीची सुरुवात असेल किंवा नुसती हौस म्हणून सार्वजनिक डेटा घेऊन बसणार असाल, तरी खालचा क्रम तोच ठेवा.

आधी हे जमवून ठेवा

- पायथन किंवा आर, जे येत असेल ते. दोन्ही शिकत बसू नका. पायथनमध्ये असाल तर पायलिओक्लिम नावाची लायब्ररी बघून ठेवा, असमान अंतराच्या टाइम सिरीजसाठी बरं आहे.
- नकाशासाठी क्यूजीआयएस, फुकट आहे.
- आजच्या वाऱ्यासाठी ईआरए५ रीअॅनालिसिस (मोजमापं आणि मॉडेल जुळवून केलेली हवामानाची नोंद, १९४० पासून पुढचा डेटा, अकाउंट काढलं की मोफत उतरवता येतो).
- हवा कुठून आली हे मागे मागे शोधायला हायस्प्लिट नावाचं मॉडेल.
- जुन्या नोंदींसाठी नोआ या अमेरिकी संस्थेचं पॅलिओ आर्काइव्ह आणि पँजिया हे डेटा-भांडार. बहुतेक छापील नोंदींचा आकडेवारीचा भाग या दोन्हीपैकी एका ठिकाणी सापडतो.
- वयाच्या हिशेबासाठी आरमधलं बेकन पॅकेज, नाहीतर ऑक्सकॅल.
- एक साधी वही. हो, वहीच. पायरी ४ ला कळेल कशाला.

१. प्रश्न आधी घट्ट करा

"वारा बदलला का" हा प्रश्नच नाही. दिशा बदलली, जोर बदलला, का वाऱ्याचा अख्खा पट्टा उत्तर-दक्षिण सरकला? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींसाठी पुरावा वेगळा लागतो. त्यावर ऋतू. वर्षाची सरासरी धरून चालणारा निसर्गातला पुरावा जवळजवळ नसतोच, वाळू कोरड्या मोसमात सरकते, अपवेलिंग (खोलचं पाणी वर येणं) एखाद्याच मोसमात जोरात असतं, तळ्यात बर्फ असेल तर हिवाळ्याचा वारा पाण्याला लागतच नाही.

म्हणून प्रश्न असा लिहा: अमुक भागात, अमुक ऋतूत, गेल्या इतक्या हजार वर्षांत, वाऱ्याची दिशा (किंवा जोर किंवा पट्ट्याची जागा) बदलली का. एका वाक्यात बसत नसेल तर अजून प्रश्न ठरलेला नाही. आणि काळ निवडताना कारणही डोळ्यासमोर असू द्या. पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यामुळे साधारण २१ ते २३ हजार वर्षांच्या चक्रात ऋतूंमधलं ऊन बदलतं, सुमारे ११ ते ९ हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात उन्हाळ्याचं ऊन आजच्यापेक्षा बरंच तीव्र होतं, जमीन जास्त तापायची, म्हणून मोसमी वारे जास्त जोरकस आणि जास्त उत्तरेपर्यंत जायचे, सहारा हिरवा होता तो याच काळात. हे माहीत असेल तर कुठल्या हजार वर्षांत काय दिसायला हवं याचा अंदाज आधीच असतो.

२. आजचा वारा नीट समजून घ्या

ही पायरी सगळे टाळतात. तुमच्या ठिकाणचा ईआरए५ डेटा उतरवा, महिन्यागणिक विंड रोझ (कुठल्या दिशेने किती वेळा आणि किती जोराने वारा आला याचं गोल चित्र) काढा. इथे दोन गोष्टींवर लोक हमखास आपटतात.

पहिली, हवामानशास्त्रात दिशा म्हणजे वारा जिथून येतो ती दिशा. पश्चिमी वारा पश्चिमेकडून येतो. पण समुद्रवाले प्रवाहाची दिशा जिकडे जातो ती सांगतात. दोन पेपर एकत्र वाचताना हे विसरलात तर अख्खा नकाशा उलटा.

दुसरी, अंशांची सरासरी. एक नोंद ३५० अंश, दुसरी १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेचे वारे. साधी सरासरी काढा, १८० येते, म्हणजे थेट दक्षिण! म्हणून दिशेची सरासरी कधी काढायची नाही, प्रत्येक नोंदीचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन घटक करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि मग परत दिशा. ईआरए५ मध्ये हे घटक तयारच मिळतात, त्यामुळे ही चूक करायला खरं तर मेहनत घ्यावी लागते, तरी लोक घेतात.

शेवटच्या दोन-तीन शतकांसाठी जहाजांच्या लॉगबुकांचा डेटाही आहे, क्लिवॉक नावाच्या प्रकल्पात १७५० ते १८५० मधल्या युरोपीय जहाजांच्या नोंदी डिजिटल केल्या गेल्या. वाऱ्याचा जोर लिहायची ब्यूफोर्टची मोजपट्टी १८०५ ची, ती सर्रास वापरात यायला आणखी काही दशकं गेली, म्हणून त्याआधीचा जोर नुसत्या शब्दांत लिहिलेला असतो, पण दिशा भरवशाची असते. तुमचा पुरावा या काळापर्यंत येत असेल तर पडताळ्याला सोनं आहे.

३. पुरावा निवडा

इथे वेळ घालवा. प्रत्येक पुराव्याला एक गोष्ट चांगली सांगता येते आणि बाकीच्या वाईट.

*वाळूच्या टेकड्या.* दिशेसाठी यांच्याइतकं सरळ काही नाही, माझं मत विचाराल तर नवख्याने इथूनच सुरू करावं कारण सॅटेलाइट फोटोवर दिसतं आणि हाताने मोजता येतं. चंद्रकोरीसारखी बारखान टेकडी असेल तर तिची टोकं वारा जिकडे जातो तिकडे असतात. पॅराबोलिक टेकडीही वरून तशीच वळलेली दिसते, पण तिचे हात झुडपांनी धरून ठेवलेले असतात, मधला भाग पुढे सरकतो, त्यामुळे हात वारा जिकडून येतो तिकडे राहतात. म्हणजे जवळपास सारखा आकार आणि अर्थ बरोब्बर उलटा. फोटो बघून लगेच बाण काढू नका, आधी झाडी आहे का बघा, उतार कुठल्या बाजूला तीव्र आहे बघा (तीव्र उतार नेहमी वाऱ्याच्या आडोशाला). लांबलचक रेघांसारख्या टेकड्या बहुतेकदा दोन वेगवेगळ्या वाऱ्यांच्या एकत्रित परिणामाने बनतात, म्हणजे त्या दिशेने वारा एकदाही वाहिलेला नसेल असंही होऊ शकतं.

टेकड्या सगळ्यात जास्त वाहणारा वारा दाखवत नाहीत, सगळ्यात जास्त वाळू हलवणारा दाखवतात. कोरडी वाळू हलायला लागते तो उंबरठा साधारण ६ मीटर प्रति सेकंद धरला, आणि वाहतूक वेगाचा वर्ग गुणिले उंबरठ्यापेक्षा जास्तीचा वेग अशी मोजली, तर ८ च्या वाऱ्याला ६४ गुणिले २ म्हणजे १२८ आणि १२ च्या वाऱ्याला १४४ गुणिले ६ म्हणजे ८६४. १२ चा वारा एक तास वाहिला की ८ चा वारा जवळजवळ सात तास वाहिल्याइतकी वाळू सरकते. वर्षातले थोडे वादळी दिवस टेकडीचं तोंड ठरवून जातात.

याचं छान उदाहरण अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या सँड हिल्समधलं. आज तिथे वसंत-उन्हाळ्यात दक्षिणेकडून दमट हवा येते, पण साधारण ८०० ते १००० वर्षांपूर्वीच्या टेकड्यांची ठेवण आजच्या वाऱ्याशी जुळत नाही, ती नैऋत्येकडच्या वाऱ्याने बनल्यासारखी आहे, आणि नैऋत्येकडून हवा म्हणजे कोरडी हवा. म्हणजे दिशेवरून दुष्काळाचं कारणही हाती लागतं.

*धूळ.* दोन प्रश्न वेगळे ठेवा, कुठून आली आणि किती जोराने आली. कुठून, याला स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमची समस्थानिकं लागतात, प्रत्येक वाळवंटाच्या खडकांचं प्रमाण वेगळं असतं. ग्रीनलंडच्या बर्फातली हिमयुगातली धूळ पूर्व आशियातल्या वाळवंटांतून आली आणि अंटार्क्टिकातली बरीचशी पॅटागोनियातून, हे असंच कळलं. किती जोराने, याला कणांचा आकार. चीनच्या लोएस (वाऱ्याने आणून साठवलेल्या धुळीच्या) पठारावर जाड कण वाढले की हिवाळी मोसमी वारा जोरात, असं वाचलं जातं. पण वाळवंटाची कड जवळ सरकली तरी कण जाड होतात, वारा तितकाच असला तरी! धुळीचं एकूण प्रमाण तर वाऱ्यापेक्षा उगमाकडच्या कोरडेपणावर जास्त अवलंबून असतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्री गाळात सुमारे ५५०० वर्षांपूर्वी धूळ एकदम वाढलेली दिसते, तिथे सहारा सुकला हे मुख्य, वाऱ्याचा वाटा वेगळा काढायला दुसरा पुरावा लागतोच.

*अपवेलिंग.* वारा किनाऱ्याला समांतर वाहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या उजवीकडे लोटलं जातं, किनाऱ्यापासून दूर गेलं तर खालचं गार, पोषक पाणी वर येतं. अरबी समुद्रात ओमानजवळ नैऋत्य मोसमी वाऱ्यात हेच होतं आणि तिथे ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा सूक्ष्मजीव फोफावतो, गाळात त्याच्या कवचांची टक्केवारी मोजतात. होलोसीनच्या, म्हणजे हिमयुगानंतरच्या आजच्या काळाच्या, सुरुवातीला ती जास्त आहे आणि नंतर कमी होत जाते, वर सांगितलेल्या उन्हाच्या हिशेबाशी जुळतं. जोरासाठी चांगला पुरावा, पण एकाच ऋतूचा.

*तळी.* वर्षागणिक थर पडणारी तळी मिळाली तर काळाची बारकाई जबरदस्त. जर्मनीतल्या मीरफेल्डर मार तळ्यात सुमारे १२,७०० वर्षांपूर्वी थरांची जाडी आणि रसायन जवळजवळ एका वर्षात बदलतं, त्याचा अर्थ पश्चिमी वारे अचानक जोरात सुरू झाले असा लावला गेला आहे. यंगर ड्रायस नावाच्या थंड काळाच्या सुरुवातीची गोष्ट ही. अशी तळी थोडीच असतात, सापडली तर सोडू नका.

*प्रवाळ.* पॅसिफिकमधल्या तारावा बेटाचं खाजण पश्चिमेला उघडं आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात तेव्हा ते शांत, एल निनोच्या वेळी पश्चिमेकडून वारा सुटला की तळाचा गाळ ढवळतो, मँगनीज बाहेर पडतं आणि प्रवाळाच्या सांगाड्यात नोंदवलं जातं. एकाच दिशेच्या वाऱ्याला ओळखणारा पुरावा, असं क्वचित मिळतं. फक्त एक प्रवाळ काही दशकं-शतकंच दाखवतो, हजारो वर्षांसाठी जुन्या मेलेल्या प्रवाळांचे तुकडे तुकडे जोडावे लागतात.

बर्फातलं समुद्री मीठ, परागकण, गुहेतले थर हेही आहेत. गुहेतल्या ऑक्सिजन समस्थानिकांवरून थेट वाऱ्याचा जोर सांगणारे पेपर दिसले तर जपून, त्यात पावसाचं प्रमाण, बाष्प कुठून आलं, वाटेत किती पडून गेलं हे सगळं मिसळलेलं असतं.

४. साखळी वहीत लिहा

आता वही काढा. आकड्यापासून वाऱ्यापर्यंत प्रत्येक दुवा एकेका ओळीत लिहायचा. उदाहरणार्थ: कवचांची टक्केवारी वाढली → पोषक पाणी जास्त → अपवेलिंग जास्त → किनाऱ्याला समांतर वारा जोरात → उन्हाळी मोसमी वारा जोरात. आणि प्रत्येक ओळीपुढे, हेच दुसऱ्या कशाने झालं असतं, ते लिहा. टक्केवारी दुसऱ्या प्रजाती घटल्यानेही वाढते. खाली खोलवरच्या पाण्यातच पोषकं बदललेली असू शकतात. समुद्राची पातळी हिमयुगाच्या शिखरावर साधारण १२० मीटर खाली होती, म्हणजे किनाराच दुसरीकडे होता.

ज्या ओळीपुढे तीनचार पर्याय जमतात तिथे दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधायचा. हे काम कॉम्प्युटरवर होत नाही, करून बघा.

५. वय

ग्राफ कितीही देखणा असो, वय चुकलं की सगळं गेलं. मुख्य सापळे:

- "आजपासून इतकी वर्षं आधी" यातलं आज म्हणजे रेडिओकार्बनवाल्यांसाठी १९५०. ग्रीनलंडच्या बर्फाच्या कालगणनेत बऱ्याचदा २०००. दोन नोंदी एकावर एक ठेवल्या आणि ५० वर्षांचा सरक दिसला, तर आधी हे तपासा, मग सिद्धांत मांडा. ओएसएल वयं (वाळूचे कण शेवटचे उजेडात कधी होते यावरून काढलेली) मोजणीच्या वर्षापासून धरलेली असतात, तेही वेगळंच.
- रेडिओकार्बन वय कॅलिब्रेट करूनच, म्हणजे ठरलेल्या वक्रावरून खऱ्या वर्षांत बदलूनच वापरा. उत्तर गोलार्धाला इंटकॅल२०, दक्षिणेला एसएचकॅल२०, समुद्राला मरीन२०. जुन्या पेपरमधली वयं जुन्या वक्राने काढलेली असतात, म्हणून मूळ आकडे घेऊन पुन्हा काढा.
- समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असतो, त्यामुळे कवचं खरी आहेत त्यापेक्षा शेकडो वर्षं म्हातारी दिसतात. अपवेलिंगच्या जागी तर खोलचं जुनं पाणीच वर येतं. गंमत बघा, वारा वाढला की अपवेलिंग वाढतं, आणि अपवेलिंग वाढलं की ही दुरुस्तीच बदलते. म्हणजे जे शोधतोय तेच घड्याळ हलवतंय. एकच दुरुस्ती सगळ्या कोअरला (तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नळीला) लावली असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि दोन-तीन वेगळे आकडे लावून निकाल किती हलतो बघा.
- टेकडीचं ओएसएल वय म्हणजे ती वाळू शेवटची उन्हात होती तो काळ, म्हणजे गाडली गेली तो. वारा सुरू झाला तो नव्हे. वारा जोरात असताना टेकडी पुन्हा पुन्हा उलटते आणि जुन्या खुणा पुसते, त्यामुळे वयांचा घोळका बऱ्याचदा टेकडी स्थिरावली तो काळ दाखवतो.

६. आकडे वापरण्याआधी धुवून घ्या

समुद्री गाळातून वाऱ्याची धूळ वेगळी करायची तर सेंद्रिय भाग हायड्रोजन पेरॉक्साइडने, चुनखडी सौम्य आम्लाने काढतात, सूक्ष्मजीवांचं सिलिका असेल तर तेही, मग कण सुटे करून लेझरवर आकार मोजतात. तुम्ही डेटा उतरवून घेणार असलात तरी पेपरच्या पद्धतीच्या भागात हे वाचा. एकाने सिलिका काढलंय आणि दुसऱ्याने नाही, तर त्या दोघांच्या आकारांची तुलनाच होत नाही. किनाऱ्याजवळच्या कोअरमध्ये नदीचा गाळही असतो, तो साधारण बारीक, वाऱ्याचा जाड, पण सीमारेषा धूसर असते, सरासरी आकारावर भिस्त ठेवू नका, सगळी वाटणी बघा.

दुसरं, फ्लक्स, म्हणजे ठरावीक काळात ठरावीक जागेवर किती धूळ पडली. तो साठण्याचा वेग गुणिले घनता गुणिले प्रमाण असा काढतात. साठण्याचा वेग वयांच्या दोन बिंदूंमधून येतो, त्यामुळे नेमक्या वयाच्या बिंदूवर फ्लक्स पायरीसारखा उडी मारतो. ग्राफमधल्या उड्या आणि वयांचे बिंदू एकाच ठिकाणी आहेत का बघा, असतील तर तो वारा नाही, तुमचं वयाचं मॉडेल आहे. थोरियम-२३० ने सामान्यीकरण केलेला फ्लक्स मिळाला तर तोच घ्या.

७. एका खड्ड्यावरून पट्टा सरकवू नका

दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे हे याचं ठरलेलं रणांगण. एका तळ्यात ओलावा वाढला, वारा जोरात झाला का पट्टा जवळ आला? एका ठिकाणावरून कळूच शकत नाही. उत्तर-दक्षिण ओळीत किमान तीन ठिकाणं हवीत, एका टोकाला वाढ आणि दुसऱ्या टोकाला घट दिसली तर सरकणं, सगळीकडे वाढ तर जोर.

त्यात डोंगराची बाजू. पॅटागोनियात अँडीजच्या पश्चिमेला वारा जोरात म्हणजे पाऊस जास्त, पूर्वेला हे नातं उरत नाही किंवा उलटं होतं. पूर्वेकडच्या तळ्याला पश्चिमेचा नियम लावला की निकालाचं चिन्हच फिरतं. आजच्या डेटावरून आपल्या ठिकाणी वारा आणि पाऊस यांचा सहसंबंध काढा, पायरी २ मधलं काम इथे कामी येतं. हिमयुगाच्या शिखरावर, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हा पट्टा उत्तरेकडे होता का नाही यावर अजून वाद आहे, आणि तो पुरावा कमी म्हणून नाही, तोच पुरावा दोन्ही बाजूंना बसतो म्हणून.

८. मॉडेलशी ताडून बघा, पण शेवटी

पीएमआयपी या जुन्या हवामानाच्या मॉडेलांची तुलना करणाऱ्या प्रकल्पात ठरावीक काळांची मॉडेलं सगळ्यांसाठी खुली आहेत: ६ हजार वर्षांपूर्वीचा, २१ हजार वर्षांपूर्वीचा आणि सन ८५० ते १८५० चा काळ. २१ हजार वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत सलग हवं असेल तर ट्रेस-२१के हे मॉडेल. तुमच्या पुराव्याचा ऋतू आणि उंची घेऊनच तुलना करा, वार्षिक सरासरी घेऊ नका. मॉडेलची चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची असते, डोंगर त्यात चपटे होतात, दरीतल्या तळ्याचा वारा त्यात शोधण्यात अर्थ नाही. ऋतूंची लांबीही कक्षेनुसार बदलते, ६ हजार वर्षांपूर्वीचा जून-जुलै-ऑगस्ट आजच्याशी दिवसागणिक जुळत नाही, कॅलेंडरची दुरुस्ती केलेला डेटा आहे का ते विचारा.

आधी मॉडेल बघितलं की डोळ्यांना तेच दिसायला लागतं, म्हणून ही पायरी मुद्दाम इतकी खाली ठेवलीय.

९. निकाल लिहिताना

वयाची अनिश्चितता ग्राफवर आडवी दाखवा, नुसती उभी नको. बेकन हजारो संभाव्य वय-रेषा देतं, त्या सगळ्यांवरून तुमची नोंद चालवा आणि बदल किती रेषांत टिकतो ते सांगा. ५०० वर्षांच्या अनिश्चिततेने २०० वर्षांच्या बदलावर बोलू नका. दोन नोंदी डोळ्यांनी जुळतात म्हणून एकीची वयं दुसरीवर ताणून बसवलेली असतील तर त्या जुळतात हा पुरावा नव्हे, तशा त्या बसवल्याच आहेत. असं केलेले पेपर बरेच आहेत, वयाचा तक्ता उघडला की लगेच कळतं.

आणि डेटा आर्काइव्हमध्ये टाकताना कॅलिब्रेट न केलेली मूळ रेडिओकार्बन वयं, प्रयोगशाळेचे नमुना क्रमांक, खोली आणि वापरलेली समुद्री दुरुस्ती हे सगळं द्या. वक्र दर काही वर्षांनी नवा येतो, मूळ आकडे नसतील तर तुमची नोंद पुढच्याला वापरताच येणार नाही.